पाटुक्रोमचे सरडे सुखरूप आहेत

ओचामे असुमादूला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नसे, आणि त्याचं नशीब असं की याच गुणावर त्याचं पोट चालत होतं. ओचामे म्हणजे आमच्या नानांचं तोंड. नाना म्हणजे गावचे राजे, आणि गावाच्या आसनावर बसलेला माणूस चारचौघांत स्वतः बोलत नाही. तो ओचामेच्या कानात कुजबुजतो, आणि मग ओचामे सोन्याचा वर्ख दिलेली उंच काठी टेकून ते बोलणं गावाला ऐकवतो. ऐकवताना थोडं धुऊनपुसून ऐकवावं एवढीच अपेक्षा असते. असुमादू धूत असे, वाळवत असे, इस्त्री करत असे आणि वर अत्तर शिंपडत असे.

आमच्या नानांच्या बाबतीत त्याची गरजही होती म्हणा. त्यांचं नाव ओफोसुहेने, आणि आसनावर बसण्याआधी ते कुमासीच्या रस्त्यावर लॉरी चालवत. राणीमाता कोनामाने एकोणीस वर्षांपूर्वी या भाच्याला लॉरीतून उतरवलं, न्हाऊमाखू घातलं आणि आसनावर बसवलं. पण नानांचं तोंड काही लॉरीतून उतरलं नाही. बांधावरून भांडणारे दोन भाऊ समोर आले की नाना कुजबुजत, "या दोन गाढवांना सांग, पुन्हा आलात तर दोघांची टाळकी एकमेकांवर आपटीन." असुमादू काठी टेकवायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "नाना म्हणतात, एका आईच्या दोन लेकरांची डोकी एकत्र आलेली पाहण्यासारखं दुसरं सुख त्यांना नाही." भाऊ डोळे पुसत घरी जायचे. एकोणीस वर्षं हे असं चाललं होतं. सगळ्या पाटुक्रोम गावाला वाटायचं, आमच्या नानांसारखा गोड माणूस नाही. गंमत म्हणजे नानांनाही तसंच वाटायचं.

घरी मात्र हे अत्तर चालत नसे. असुमादूची बायको बिरागो फुफूसाठी उकडलेले कंद कांडायच्या उखळीशी बसून विचारायची, "सूप कसं झालंय?" आणि असुमादू सुरू करायचा, "ज्या हातांनी चुलीला माया दिली, त्या हातांची आठवण जेव्हा ताटातून वर येते..."

"मीठ कमी आहे का जास्त?"

"मिठालाही आपली जागा शोधायला कधी कधी..."

"म्हणजे जास्त आहे," बिरागो म्हणायची आणि पातेलं ओढून घ्यायची.

चौतीस वर्षांपूर्वी असुमादू तिला मागणी घालायला गेला होता तेव्हाची कथा तर ती प्रत्येक पाहुण्याला सांगत असे. घरच्या वडीलधाऱ्यांना पाठवायचं सोडून हा शहाणा स्वतःच बोलला, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत बोलला. शेवटी बिरागोचा बाप उठला, मागच्या अंगणात गेला आणि शेळी सोडून घेऊन आला. त्याला वाटलं, पोरगा शेळी विकत मागतोय. "आणि यांनी तिचा दोर हातात घेतलासुद्धा!" बिरागो सांगायची. "मला अजून कळलेलं नाही, या माणसाला मी हवी होते की शेळी." पाहुणे हसायचे. बिरागोही हसायची, पण सगळ्यांत शेवटी आणि जरा कमी.

असुमादूचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा जीव गावात एकच होता. रोज सकाळी असुमादू अंगणात उभा राहून दिवसाच्या भाषणांची तालीम करायचा, आणि समोरच्या मातीच्या भिंतीवर एक सरडा येऊन बसायचा. शेंदरी डोकं, निळं अंग, आणि शेपटी अर्धीच, कारण उरलेली बिरागोच्या कोंबडीने खाल्ली होती. असुमादू एक वाक्य म्हणायचा की सरडा पुढच्या पायांवर वर व्हायचा, खाली व्हायचा, पुन्हा वर व्हायचा. असुमादूने त्याचं नाव ओपान्यिन ठेवलं होतं, म्हणजे गावातले ज्येष्ठ. तो मान डोलावतो ती शेजारच्या भिंतीवरच्या दुसऱ्या सरड्याला दम द्यायला, हे शाळेतल्या ड्वोमो मास्तरांनी एकदा असुमादूला समजावून सांगितलं होतं. त्या दिवसापासून असुमादूने ड्वोमो मास्तरांशी बोलणं कमी केलं.

तर असा सगळा सुखाचा मामला चालू असताना शेजारच्या बोमिरी गावाला माकडांचा बोर्ड मिळाला.

बोमिरीच्या रानात म्हणे कुठल्याशा दुर्मीळ जातीची माकडं निघाली. वन्यजीव खात्याने हमरस्त्यावर भलामोठा हिरवा बोर्ड लावला. गाड्या थांबायला लागल्या, परदेशी लोक उतरून केळी विकत घेऊन माकडांना द्यायला लागले, आणि बोमिरीचे नाना प्रत्येक अंत्यविधीत आमच्या नानांच्या शेजारी बसून माकडांविषयी बोलायला लागले. तिसऱ्या अंत्यविधीनंतर आमच्या नानांचा तोल सुटला.

त्यांनी असुमादूला जवळ बोलावलं. "ओचामे, नीट ऐक. ओद्विराच्या सणापर्यंत हमरस्त्यावर माझ्या गावाचा बोर्ड लागला पाहिजे. नाही लागला तर काठी ड्वोमो मास्तरला. तुझी भाषणं लांब, आणि हल्ली बसून बसून माझी कंबर धरते. मास्तर निदान लवकर आटपतो."

असुमादूने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ही काठी त्याच्या मामाची, त्याआधी मामाच्या मामाची. काठीवाचून असुमादू म्हणजे नुसता एक बडबडा म्हातारा, आणि बडबडे म्हातारे पाटुक्रोममध्ये आंब्याच्या झाडाखाली हवे तितके मिळतात.

पण बोर्ड मिळवायचा कशाच्या जिवावर? आमच्या रानात माकड उरलेलं नाही. धनेश पक्षी येतात ते बोमिरीला जाता जाता. असुमादू तीन दिवस अंगणात येरझाऱ्या घालत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवरून ओपान्यिनने मान डोलावली.

असुमादूने वन्यजीव खात्याला नऊ पानांचं पत्र लिहिलं. सरड्यांचा विषय सातव्या पानावर आला. "एके काळी पाटुक्रोमच्या भिंती शेंदरी मस्तकांनी शोभत," त्याने लिहिलं. "आज या भिंती वाट पाहत उभ्या आहेत." यात एक अक्षर खोटं नव्हतं, याचा त्याला फार अभिमान वाटला. भिंती काय, उभ्याच असतात.

उत्तर दोन ओळींत आलं. गुरुवारी आमच्या सेफाकोर मॅडम येतील. त्या सरडे मोजतील.

मोजतील! असुमादूने कागद उलटून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. पत्र वाचून कुणी रडेल, निदान सुस्कारा टाकेल, असं त्याला वाटलं होतं. मोजणीचा हिशेब त्याने धरला नव्हता, आणि पाटुक्रोममध्ये सरडा नाही अशी भिंत शोधायची तर भिंत पाडावी लागली असती.

बुधवारी गावात घंटा वाजवून दवंडी फिरली: गुरुवारी सूर्य वर यायच्या आत प्रत्येक घराने आपापले सरडे पकडून उत्सवाच्या खोलीत जमा करावेत. कल्पना असुमादूची, आणि त्यामागे विचारही होता. पहाटे सरडे गारठलेले असतात, अंगाचा रंग मातकट, पाय जड. भिंतीवरून ते अलगद काढता येतात. गाव टोपल्या घेऊन कामाला लागलं. भांडणं झाली, ती व्हायचीच. सामाईक भिंतीवरचा सरडा कुणाचा यावरून दोन जावा हातघाईवर आल्या. एका म्हातारीने आपले सरडे सुताराच्या सरड्यांबरोबर एका टोपलीत ठेवायला साफ नकार दिला. एकाने पाल आणली, ती परत पाठवली. उजाडेपर्यंत सगळे सरडे उत्सवाच्या खोलीत, सणाचे ढोल, बँडची पितळी वाद्यं आणि नानांची मोठी छत्री यांच्यामध्ये कोंडले गेले. असुमादूने कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली.

एक सरडा मात्र बाहेर ठेवायचा होता. अजिबातच नसेल तर वाचवायचं कुणाला? तो मान कुणाच्या सरड्याला, यावर चर्चा करायला वेळ नव्हता. असुमादूने ओपान्यिनला ठेवला, आणि कुणी काही बोलू नये म्हणून कुणाला विचारलंच नाही.

सेफाकोर मॅडम दहाच्या सुमाराला ट्रोट्रोतून, म्हणजे आमच्याकडच्या वडाप गाडीतून उतरल्या. समुद्राकाठच्या, एव्हे लोकांतल्या. उन्हाची टोपी, पाठीवर पिशवी, आणि हातात एक छोटं यंत्र, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे सरकणारं. नाना अंगणात वडीलधाऱ्यांसह बसले होते. डोक्यावर छत्री नव्हती. छत्री खोलीत आहे हे असुमादूला नानांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला तेव्हा आठवलं, पण आता खोली कोण उघडणार?

मॅडमनी रीतीप्रमाणे उजवीकडून डावीकडे सगळ्यांशी हात मिळवले. त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं. आणि मग आला यजमानांनी बोलायचा प्रसंग. पाहुण्याला येण्याचं कारण विचारण्याआधी आपल्याकडचं क्षेम सांगायचं, ही आमची रीत. घराला आग लागलेली असली तरी आधी म्हणायचं, इथं सगळं शांत आहे. वाईट बातमी घेऊन पाहुण्याच्या अंगावर धावून जाणारी माणसं आम्ही नव्हेत.

असुमादू उठला. काठी टेकवली. हे वाक्य तो एकोणीस वर्षं म्हणत आला होता, त्याला त्यात डोकं घालावं लागत नसे. "मॅडम, इथं सगळं शांत आहे. नाना सुखरूप आहेत. राणीमाता सुखरूप आहेत. वडीलधारी सुखरूप, लेकुरवाळ्या सुखरूप, लेकरं सुखरूप. शेळ्या सुखरूप आहेत, कोंबड्या सुखरूप आहेत..." इथं तो थांबत असे. पण गेले कित्येक दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं, आणि जीभ घसरली ती घसरलीच. "आणि आमचे सरडेही सुखरूप आहेत. वाट चालून तुम्ही आलात, आता बातमी तुम्ही सांगायची."

नानांची चप्पल त्याच्या घोट्यावर आपटली. वडीलधारी आकाशाकडे बघायला लागले.

"असं?" मॅडमनी वही काढली आणि लिहून घेतलं. "छान. मग मोजायला वेळ लागणार नाही."

मोजणी सुरू झाली. मॅडम पुढे, असुमादू मागे, त्याच्या मागे सगळं गाव. पहिल्या घराच्या चार भिंती पाहिल्या, काही नाही. दुसऱ्या घराच्या पाहिल्या. शाळा पाहिली, विहीर पाहिली, नानांचं अंगण पाहिलं. मॅडम दगड उलटायच्या, पत्र्याखाली वाकून बघायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. चाळीस घरं झाली तरी यंत्रात शून्यच होतं. शेवटी असुमादूच्या अंगणात ओपान्यिन भिंतीवर एकटाच बसला होता. समोर दम द्यायला कुणी नसल्याने तो जरा गोंधळल्यासारखा दिसत होता. मॅडमनी अंगठा दाबला. एक.

"एक!" असुमादू हळहळत्या आवाजात म्हणाला. आतून त्याला उड्या माराव्याशा वाटत होत्या. "तर मग, मॅडम, हिरव्या रंगाचा तो जो फलक असतो..."

"फलक कसला, ओचामे?" मॅडमचा चेहरा उतरला होता. "हा सरडा या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत प्रत्येक गावात आहे. याला रान लागत नाही, नदी लागत नाही. एक भिंत आणि चार मुंग्या मिळाल्या की याचा संसार सुरू. माझ्या ऑफिसात तीन आहेत, त्यातला एक माझ्या फायलींवर झोपतो. आमच्या यादीत याचं नाव अगदी शेवटच्या खणात आहे: काळजीचं कारण नाही. असा प्राणी एखाद्या गावातून नाहीसा होतो तेव्हा सरड्याला काही झालेलं नसतं. गावाला झालेलं असतं."

"गावाला?"

"आणि सकाळी तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत, सरडे सुखरूप आहेत. तुमच्यासारखा काठीवाला माणूस खोटं बोलणार नाही. म्हणजे कालपर्यंत होते आणि एका रात्रीत गेले." मॅडमनी फोन काढला. "विष आहे हे. पाण्यात असेल, नाहीतर पिठात. कुणी पाणी पिऊ नका. चुली विझवा. मी आरोग्य खात्याला कळवते. आणि शनिवारी इथं अंत्यविधी आहे म्हणे? तो थांबवा. बाहेरच्या माणसाला इथलं अन्न देता येणार नाही."

अंत्यविधी राणीमाता कोनामाच्या थोरल्या बहिणीचा. म्हातारी बिचारी दोन महिने शवागाराच्या थंडीत शनिवारची वाट पाहत पडली होती. सुतकाचे लाल-काळे पोशाख शिवून तयार होते, अक्रा-कुमासीहून नातेवाईक निघाले होते, पंगतीच्या गोगलगायी भिजत पडल्या होत्या. कोनामाबाईंनी कमरेचं कापड घट्ट केलं, आणि त्यांनी कापड घट्ट केलं की शहाणी माणसं दोन पावलं मागे सरतात.

पण त्यांच्याआधी गाव हललं. ढोलकरी म्हणाला, सकाळपासून जीभ जड वाटतेय. सुताराला दोन-दोन मॅडम दिसायला लागल्या. एक जण आंब्याखाली आडवा झाला आणि आपली कापडं कुणाकुणाला द्यायची ते सांगायला लागला. यातल्या प्रत्येकाने पहाटे स्वतःच्या हातांनी सरडे टोपलीत भरले होते, पण विषाचं नाव निघाल्यावर ते कुणाच्या लक्षात राहतंय! त्या दोन जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. ज्या म्हातारीला सुताराचे सरडे चालत नव्हते ती घशात बोट घालत होती.

असुमादूला मात्र सगळं लक्षात होतं. खरं सांगितलं तर काठी गेली, आणि नाही सांगितलं तर शनिवार गेला.  त्याने सुरुवात केली. "मॅडम, कधी कधी असं होतं की मोठा पाहुणा येणार म्हटल्यावर घरातली लेकरं लाजून आतल्या खोलीत..."

"ओचामे, फोन लागतोय. तुम्हाला काही माहीत आहे का? हो की नाही?"

"हो आणि नाही या दोन बहिणी एकाच..."

"अहो, सांगा की एकदाचं सरळ!" गर्दीतून बिरागो ओरडली. "चौतीस वर्षांत एकदा!"

असुमादूने डोळे मिटले.

"विष नाही. सरडे खोलीत आहेत. मी कोंडले."

 इतकी लहान वाक्यं त्याच्या तोंडून निघतात हे कुणाला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. आंब्याखालचा माणूस उठून बसला आणि कापडं पुन्हा आपल्या नावावर करून घेतली.

कुलूप उघडलं. आधी काहीच झालं नाही. मग उंबऱ्यावर एक मातकट डोकं आलं, मग दहा, आणि मग पूर. सरडे ढोलांमधून निघाले, दाराच्या फटींतून निघाले, बँडच्या मोठ्या भोंग्यातून तर एकामागून एक इतके निघाले की आत कुणी बसून ते तयार करत असावं. ऊन लागलं तसे ते जागच्या जागी रंगायला लागले. मातीच्या रंगाची डोकी तांबूस झाली, मग शेंदरी. अंग निळं व्हायला लागलं. कुणीतरी घाईघाईने नानांची छत्री बाहेर आणून त्यांच्या डोक्यावर उघडली, आणि छत्रीत होते ते पंधरावीस नानांवर पडले. आसनावरच्या माणसाने दचकायचं नसतं. नाना दचकले नाहीत. एक सरडा खांद्यावर, एक मांडीवर आणि एक टोपीवर बसून माना डोलावत असताना ते समोर बघत राहिले, फक्त त्यांचे ओठ हलत होते, आणि काय म्हणत होते ते लॉरीवाल्यांनाच कळावं.

मॅडमचा अंगठा चारशे बारापर्यंत पोचला आणि दुखायला लागला. "पुरे," त्या म्हणाल्या. त्या इतक्या हसल्या होत्या की टोपी पडली होती. "ओचामे, तुमचे सरडे सुखरूप आहेत. सकाळी बोललात ते खरंच होतं."

"म्हणजे यांची काळजी कुणीच करणार नाही?" असुमादूने विचारलं. त्याला सरड्यांच्या वतीने जरा वाईट वाटलं.

"अहो, करायची वेळच येत नाही. यादीत याहून चांगली जागा नाही. प्रत्येक प्राण्याला तिथंच बसायचं असतं. तुमच्या शेजारच्या माकडांना विचारा."

आता उरला होता निवाडा. नाना पुन्हा नीट बसले, टोपीवरचा सरडा तेवढा उतरायला तयार नव्हता. त्यांनी बोट हलवून असुमादूला जवळ बोलावलं आणि बराच वेळ त्याच्या कानात कुजबुजले. असुमादू सरळ उभा राहिला. आपल्याला काढून टाकल्याचं गावाला आपणच सांगायचं, ही वेळ आमच्याकडे कुठल्या ओचामेवर आली नसेल. त्याने काठी टेकवली, घसा साफ केला. गाव गोड काहीतरी ऐकायच्या तयारीत बसलं. पण त्या दिवशी त्याच्यात अत्तर शिल्लक नव्हतं.

"नाना म्हणतात, हा असुमादू म्हणजे म्हातारा, बडबड्या बैल आहे. त्याने माझं नाक कापलं. काठी काढून घ्या आणि त्याला चार दिवस त्या सरड्यांबरोबर कोंडा. आणि तुम्ही सगळे, त्याचं ऐकून टोपल्या घेऊन पळणारी बिनडोक मेंढरं आहात. राणीमातेने मला लॉरीतून उतरवलं नसतं तर तुमचं तोंड बघायची पाळी आली नसती."

आणि त्याने काठी नानांच्या पायाशी आडवी ठेवली.

 नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी असुमादूची बाही ओढली. "हे मी बोललो?" ते कुजबुजले.

"शब्द न् शब्द, नाना."

"आणि नेहमी?"

"नेहमी याहून जरा वाईट असतं."

राणीमाता कोनामा उठल्या. आसनावर बसवणारा हात आसनावरून उतरवूही शकतो, हे नानांना आठवलं असावं. "हे तुझं तोंड?" त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी बायकांना सांगतेय, माझा भाचा बोलतो तेव्हा कान गोड होतात!"

नानांनी घाईघाईने हात हलवला. पण काठी खाली, असुमादू बाजूला. आता नानांचं म्हणणं सांगणार कोण? त्यांनी ड्वोमो मास्तरांना बोलावलं आणि कुजबुजले. मास्तर प्रामाणिक माणूस. त्यांनी काठी उचलली, चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचून दाखवावं तसं स्पष्ट म्हणाले, "नाना म्हणतात: अरे मास्तरड्या, बघतोस काय, ती काठी त्या बैलाच्या हातात परत कोंब आणि म्हातारी मला लाथ मारून उठवायच्या आत त्याला काहीतरी गोड बोलायला सांग."

पहिली हसली ती बिरागो. मग मॅडम हसल्या, मग सगळं अंगण. मास्तरांनी काठी दोन्ही हातांनी असुमादूपुढे धरली. "हे काम माझं नाही हो," ते म्हणाले.

असुमादूने काठी घेतली.  तो राणीमातेकडे वळला. "नाना म्हणतात, पाटुक्रोमवर त्यांची इतकी माया आहे की तोंडातून बाहेर पडताना शब्दांची आपसांत धक्काबुक्की होते. ज्याला दुखापत झाली असेल त्याने ती माया समजावी. आणि मावशीबाईंचा शनिवार असा थाटात होईल की बोमिरीची माकडंसुद्धा बघायला येतील."

"हं," राणीमाता कापड सैल करत म्हणाल्या. "हे बरं आहे." नाना मान डोलावत होते. टोपीवरचा सरडाही.

काठी राहिली. बोर्डाचं काय, तर मॅडमनी जाताना शिक्क्याच्या कागदावर लिहून दिलं की पाटुक्रोममध्ये या जातीचे किमान चारशे बारा सरडे असून काळजीचं कारण नाही. नानांनी तो कागद तीनदा वाचून घेतला आणि कुजबुजले, "बोमिरीच्या बोर्डावर काय लिहिलंय? माकडं संकटात आहेत. आपल्याकडे संकट नाही. मग बोर्ड मोठा कुणाचा पाहिजे?" मजकूर असुमादूने करायचा, रंगवायचा मास्तरांनी.

संध्याकाळी असुमादू अंगणात पाटी मांडीवर घेऊन बसला. अकरा ओळी झाल्या तरी सरडे अजून आले नव्हते. बिरागो फुफू कांडून झालं तशी हात पुसत आली आणि खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"लॉरी एवढा वेळ थांबते होय?" ती म्हणाली. "दुपारी कसं तीन वाक्यांत सांगितलंत? तसं लिहा."

असुमादूने सगळं पुसलं. मग लिहिलं: पाटुक्रोम. इथले सरडे सुखरूप आहेत.

"आता वाचेल कुणीतरी," बिरागो म्हणाली. तिने त्याच्यापुढे वाडगा ठेवला. "सूप कसं झालंय?"

"मीठ जास्त आहे."

 बिरागोला हसू यायला लागलं, आणि ती पातेलं ओढायला वाकली.

"बिरागो."

"आता काय?"

असुमादूने काठी भिंतीला टेकवून ठेवली. हे बोलायला काठी लागत नव्हती.

"मला तू हवी होतीस. शेळी नव्हे."

बिरागोने पातेलं होतं तिथंच ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. कापडाचं टोक डोळ्यांपर्यंत गेलं. मग ती म्हणाली, "मग दोर कशाला धरलात?"

"तुझ्या बापाने हातात दिला. नाही म्हणायला मला फार वेळ लागला असता."

भिंतीवर दिवसाचं शेवटचं ऊन होतं, आणि ओपान्यिन शेजारच्या भिंतीवर परत आलेल्या सरड्याकडे बघून वरखाली होत होता. बिरागो असुमादूच्या शेजारी बाकावर बसली आणि दोघांनी एकाच वाडग्यातून ते खारट सूप संपवलं.